नऊ लेडचा टायर

यवतमाळ, १४ जानेवारी १९६३

संक्रांत. गोड बोलायचा दिवस असल्यामुळे आज कोणाशी फारसं बोललो नाही.

गाडी आली. काळी हिलमन. वयानं आमच्या लग्नापेक्षा दहा वर्षांनी लहान, पण लग्नासारखीच खोकत चालते. विकणाऱ्या दलालानं आईची शपथ घेऊन सांगितलं की पुढचे टायर चालू आहेत आणि मागचा डावा तर अगदी कोरा आहे. दलालाच्या आईवर माझा विश्वास नाही, म्हणून मी मोजून पाहिलं. छापखान्यात दोन ओळींमध्ये अंतर ठेवायला शिशाच्या पातळ पट्ट्या घालतात, त्यांना आम्ही लेड म्हणतो. त्यांचे तुकडे करून टायरच्या खाचेत एकावर एक रचले. मागच्या डाव्यात दहा मावले! बाकीच्यांत पाच-सहा. म्हणजे तो टायर खरोखरच नवा. मोजमाप करणाऱ्याला कोणी फसवू शकत नाही.

प्रभावतीला सांगितलं, गाडी अंक वाटायला घेतली. बाभुळगाव, दारव्हा, पुसद, जिथं म्हणून माझ्या ‘बिब्बा’ साप्ताहिकाचे वर्गणीदार आहेत तिथं. ती म्हणाली, “वणीचा रस्ता कसा हाय आता?” मी म्हणालो, वणीत आपला एकही वर्गणीदार नाही. ती म्हणाली, “मले मालूम हाय.” आणि गाडीला हळदकुंकू लावायला गेली.

दुसरं काम : गेल्या दिवाळी अंकाच्या दोनशे प्रती पडून होत्या. त्यांना पिवळंजर्द मुखपृष्ठ चढवून ‘संक्रांत विशेषांक’ म्हणून बाजारात सोडल्या. आत चकलीवरचा लेख तसाच आहे. वाचक मुखपृष्ठाच्या आत जात नाही, हे माझं वीस वर्षांचं निरीक्षण.

२० जानेवारी

ड्रायव्हर ठेवला. देवीलाल. बाभुळगावकडच्या तांड्यातला बंजारा, चाळिशीचा, मिशा भारदस्त. आधी जिनिंगच्या कापसाच्या ट्रकवर होता. याचा आजा बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून हैदराबादपर्यंत जायचा, असं तो सांगतो. माझा आजा कुठंच गेला नाही, त्यामुळे मी गप्प बसलो.

गाडी दाखवली तर यानं इंजिनाकडे पाहिलंच नाही. धोतर आवरून जमिनीवर आडवा झाला, एकेका टायरच्या आतल्या बाजूनं तळहात फिरवला. उठून म्हणाला, “तीन टायर खरं बोलून राह्यले मालक. एक चूप हाय.”

“कोणता?”

“मागचा डावा.”

म्हणजे नेमका कोरा! मनात म्हटलं, माणूस विनोदी दिसतो. ठेवून घेतला.

९ फेब्रुवारी

वणीहून लेकीचं, जयाचं पत्र. पाचवा लागला. तब्येत बरी आहे. सासूबाई जपतात. जावई खाणीच्या ऑफिसात रजा मागत आहेत, मिळत नाही.

गेल्या वर्षी बसनं येताना मारेगावच्या पुढं जे झालं, ते मी तेव्हा या वहीत लिहिलं नाही. आताही लिहीत नाही. घरी पोचली तेव्हा पोर रिकामी होती, एवढंच.

संध्याकाळी प्रभावतीनं विचारलं, “आखाजीनंतर आणाचं का तिले?” मी म्हणालो, बघू, गाडी अंकांच्या कामातून मोकळी असली तर.

३ मार्च

देवीलालची एक खोड अशी की रोज सकाळी तो अंगणात प्रभावतीची रांगोळी पातळ पसरतो, टायर ओला करतो आणि गाडी एक चक्कर ढकलतो. मग उकिडवा बसून तो ठसा वाचत राहतो. छापखान्यात आम्ही प्रूफ वाचतो, अगदी तसा. आज मीही शेजारी बसलो. कबूल करायला हवं, की माझ्या कंपोझिटरनं इतक्या लक्षपूर्वक प्रूफ वाचलं असतं तर ‘बिब्बा’त गेल्या आठवड्यात नगराध्यक्षांचं ‘निर्मळ चरित्र’ ‘निर्बळ’ झालं नसतं. (ती चूक मला आवडली, हा भाग वेगळा.)

“तिघायचा ठसा सकाळी जसा, तसाच दुपारी,” देवीलाल म्हणाला. “याचा दुपारी मधात फुगते. पाहा.”

मी चष्मा पुसून पाहिलं. मला रांगोळी दिसली.

प्रभावतीला म्हटलं, रांगोळीची इतकी नासाडी चालते, तू बोलत कशी नाहीस? म्हणाली, “स्वस्त हाय रांगोळी.”

२४ मार्च

आज देवीलालनं स्पष्ट मागणी केली. मागचा डावा बदला. मी त्याच्यासमोर लेडचे तुकडे रचले. नऊ! अडीच महिन्यांत फक्त एक लेड झिजली.

“नऊ लेड आहेत, देवीलाल. तुझ्या-माझ्यानंतरही हा टायर चालेल.”

“मालक, तुमी वरचं मोजून राह्यले. गाडी दहा मैल पळाली का बाकीच्या तिघायवर हात ठेवा, राह्यते. याच्यावर पाच मोजेस्तोवर राहत नाई. आतून तापते. आजा म्हणे, बैलाची शिंगं रंगवून वय लपते, दात पाह्यल्याबिगर लादू नोको.”

“टायरला दात असतात?”

“असते जी. पण ते आतून असते.”

नागपूरच्या दुकानात टायरसाठी नंबर लावावा लागतो, महिना-महिना वाट पाहावी लागते. आणि हे सगळं नऊ लेड शिल्लक असताना? रागाच्या भरात बसून ‘टायरांचे वैद्यराज’ हा लेख लिहिला. एक ड्रायव्हर टायरची नाडी पाहतो, जीभ बाहेर काढायला सांगतो, पथ्याला मुगाचं वरण देतो, वगैरे. उत्तम उतरला आहे.

३१ मार्च

लेख छापून आला. देवीलालला वाचता येत नाही; त्यानं प्रभावतीकडून ओसरीवर बसून वाचून घेतला. मी आत पडद्यामागे उभा होतो. मुगाच्या वरणापाशी तो इतका हसला की त्याला ठसका लागला. संपल्यावर मिशा पुसत म्हणाला, “वयनी, मालकानं मस्त लिवलं. टायर कवा घ्याचा, ते नाई लिवलं का त्याच्यात?”

वीस वर्षं टीका लिहितो आहे. ज्याच्यावर लिहिलं तो माणूस असा वागल्याचं एकही उदाहरण आठवत नाही.

२ एप्रिल

काल ढाणकीला माझा सत्कार होता. आयुष्यातला पहिला. भर दुपारी निघून नव्वद मैल जायचं होतं. कोट घालून अंगणात आलो तर गाडीची चावी नाही! खुंटीवरून गायब. देवीलाल म्हणे त्यानं खुंटीलाच लावली होती. प्रभावतीनं सगळं घर उलथंपालथं केलं, मी स्वतः कोळशाच्या पोत्यात हात घातला. तीन वाजले, सत्काराला पोचायची वेळ गेली.

चावी आज बेसनाच्या डब्यात सापडली. प्रभावतीचा विसरभोळेपणा वयाबरोबर वाढत चालला आहे. बिचारीला बोललो नाही. ढाणकीकरांनी माझा हार माझ्या नावाच्या एका अडत्याला घातल्याचं कळलं.

७ एप्रिल

देवीलालला रविवारची सुट्टी. पण तो तांड्यावर न जाता बाजारात उकंडाच्या पालाखाली दिवसभर बसतो, अशी बातमी होती. उकंडा जुन्या टायरच्या चपला करतो. सात वर्षांपूर्वी नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला, तेव्हापासून गावकीची कामं सोडली आणि हा धंदा धरला. कोणापुढं वाकत नाही. वाकतो ते फक्त टायर कापायला.

मी मुद्दाम तिथं गेलो. उकंडानं रापीवरची नजर न काढता “जय भीम, बाबारावजी” म्हटलं. देवीलाल त्याच्यासमोर कापलेल्या टायरचे तुकडे मांडीवर घेऊन बसला होता, बायका साडीचा पोत पाहतात तसे बोटांनी पाहत.

“हा रोज चपला घेतो की काय?” मी विचारलं.

“त्याले चपला नाई पाह्यजेत जी,” उकंडा म्हणाला. “त्याले मेलेले टायर पाह्यजेत. कोन्या ट्रकचा, किती महिने चालला, काय लादत होते, कुठं फुटला, सारं पुसते. मंग आत बोट घालते. तीन वर्सं झाले, यानं माह्यं डोकं खाल्लं.”

दोघंही हसले. रिकामटेकड्या माणसांना करमणूक कशातही सापडते.

२२ एप्रिल

व्याह्यांचं पत्र आलं. तीस तारखेला न्या. आखाजी शुक्रवारी आहे, मग चार दिवसांनी पाठवतो. सातवा पुरा होतो.

देवीलालला सांगितलं. तो खाली पाहत म्हणाला, “त्या टायरवर जयाताईले मी नाई आणत.”

“मग मी गोविंदाला घेऊन जातो.” गोविंदा म्हणजे समोरच्या पिठाच्या गिरणीचा ड्रायव्हर, तो भोंगा वाजवण्यात तरबेज आहे.

“घेऊन जा. माह्यी नोकरी घ्या. पण टायर बदलून जा, मालक.”

नोकरी सोडतो म्हणणारे नोकर मी पाहिले आहेत. नोकरी घ्या आणि टायर बदला, अशी अट घालणारा हा पहिलाच. मी काही बोलणार एवढ्यात प्रभावती ओसरीवर आली. म्हणाली, “देवीलाल नसन तं मी गाडीत बसत नाई. आन् मी नसन तं जया बसत नाई.” मग त्याच्याकडे वळून, “देवीलालभाऊ, टायर तारखेच्या आत येत नाई. असा रस्ता सांगा का ज्याच्यानं पोर घरी येईन.”

त्यानं डाव्या टायरवर तळहात ठेवला. मग म्हणाला, “हाय तोच रस्ता. पण मी सांगन तसं. पहाटं निघाचं, दहाच्या आत करंजी, उन्हात चालाचं नाई. आठ मैलाले थांबाचं. आन् मी उतरा म्हटलं का उतराचं. कोनीबी.”

मी ‘कोणीही’ला मान्यता दिली. मालक म्हणून उदारता दाखवायला हरकत नव्हती.

प्रभावतीनं आज नागपूरला भावाला पत्र टाकलं. मसाल्याबद्दल असावं.

१ मे

काल लिहायला जमलं नाही. आज सगळं लिहितो.

परवा दुपार टळल्यावर निघून वणीला मुक्कामाला पोचलो. जया बरी आहे. भरलेल्या अंगानं ती समोर आली तेव्हा मी तिच्या सासऱ्यांशी कोळशाच्या धुळीबद्दल बोलू लागलो.

काल पहाटे पाचला देवीलाल गाडी पुसून तयार. पण व्याही म्हणाले, लेकीचा बाप आणि रस न खाता जाणार? मी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणणार होतो, तोवर वाटी आली. पाच वाट्या रस, सरगुंडे, कुरडया. वर व्याह्यांनी तुरीच्या डाळीचं पोतं, आंब्यांनी भरलेली डाल आणि जयाची ट्रंक गाडीवर चढवली. निघालो तेव्हा साडेदहा झाले होते. देवीलालनं फक्त माझ्या पोटाकडे पाहिलं.

ऊन असं की रस्ता पातळ झाल्यासारखा हलत होता. तो गाडी इतकी सावकाश चालवत होता की बैलांच्या एका दमणीनं आम्हाला मागं टाकलं आणि दमणीतल्या म्हातारीनं “ढकलू का?” म्हणून विचारलं. दर आठ मैलांवर कडुलिंबाची सावली गाठून तो उतरायचा, डाव्या टायरवर तळहात ठेवायचा, मोजायचा. मी पाणी मारू का म्हटलं तर म्हणाला, “तापल्या बैलाच्या आंगावर पानी टाकत असते का?” जया मागं आईच्या मांडीवर पाय सोडून पडली होती. मारेगाव गेलं. ती गेल्या वर्षीची जागा आली. गाडी तिथून बैल पाण्यावर जातो तशी, पाय न वाजवता गेली. प्रभावतीनं जयाचा हात धरला होता. मी खिडकीबाहेर पाहत होतो. बाहेर काहीच नव्हतं.

करंजीच्या अलीकडे तो थांबला. या वेळी तळहात आतल्या अंगाला थांबला. मला बोलावून माझा हात तिथं नेला. रबराखाली आवळ्याएवढा उंचवटा. गरम. आणि शपथेवर सांगतो, तो माझ्या बोटांखाली हलला.

“याचं झालं,” देवीलाल म्हणाला. टायर उतरवला. जवळचा जादा टायर चढवला, ज्याची नक्षी माझ्या टकलासारखी गेली होती आणि एके ठिकाणी सूत दिसत होतं.

“हा तर त्याहून वाईट!” मी म्हणालो.

“वाईट हाय, पण खोटा नाई. जेवढा हाय तेवढा दिसते. हलकं वजन उचलन.” मग त्यानं टपावरचं डाळीचं पोतं उतरवलं. ट्रंक उतरवली. आंब्याची डाल उतरवली. आणि माझ्याकडे वळून हात जोडले. “मालक, उतरा.”

“मी उतरलोच आहे.”

“आता चढू नोका.”

मला कळायला वेळ लागला. लदेणीत, म्हणजे त्याच्या आज्याच्या त्या बैलांच्या काफिल्यात, बैल थकला तर त्याला मारत नसत. त्याचं ओझं उतरवून वाटून द्यायचे. गाडीतलं सगळ्यात मोठं ओझं कोणतं, याचा हिशेब त्यानं पहाटेपासून, बहुधा प्रत्येक वाटीगणिक, केला होता.

“अरे, गाडी माझी आहे!”

“म्हनून तं तुमाले सांगून राह्यलो. दुसऱ्याले कसं सांगू?”

मागून हसण्याचा आवाज आला. जया हसत होती. वर्षभरात मी तिचं हसणं ऐकलं नव्हतं. “बाबा, उतरा ना,” म्हणाली, “आंबे सांभाळा.”

मी डाळ, ट्रंक, डाल आणि स्वतः असे चार नग घेऊन रस्त्याच्या कडेला राहिलो. दीड तासानं एस.टी. मिळाली. कंडक्टरनं विचारलं, सामान कोणाचं? म्हटलं, देवीलालचं. पांढरकवड्याच्या पुढं एका लिंबाखाली आमची गाडी उभी दिसली. प्रभावती पदरानं वारा घालत होती, देवीलाल टायरपाशी बसला होता. जयानं हात हलवला. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःच्या गाडीला एस.टी.तून मागं टाकलं.

घरी साडेपाचला पोचलो. सहा वाजले. साडेसहा. फाटकापाशी जरा गारवा असतो म्हणून तिथं उभा राहिलो. सात. गोविंदा विचारायला आला, मी त्याच्यावर उगीच खेकसलो. साडेसात वाजता वाटलं की रस्त्यानं चालत निघावं. निघालोही. चपला घरीच राहिल्या हे धामणगाव नाक्यावर, म्हणजे भलत्याच दिशेला आल्यावर लक्षात आलं.

परत येतो तर गाडी अंगणात. जया ओसरीवर पाय पसरून आंबा चोखत होती. चेहऱ्यावर धूळ, दुसरं काही नाही. देवीलाल वाकून त्या टकल्या टायरवर हात फिरवत होता, शर्यत जिंकलेल्या बैलावरून फिरवावा तसा. मी त्याला काहीतरी बोलणार होतो. “जेवून जा,” एवढंच म्हणालो.

५ मे

उतरवलेला टायर घेऊन उकंडाकडे गेलो. लेड खिशात. माझं म्हणणं इतकंच होतं की नऊ लेडचा टायर आतून जाऊच शकत नाही. एखादा काटा-खिळा गेला असणार.

उकंडानं रापी लावली, कडेला एक चीर दिली आणि बोटांनी ओढलं. नक्षीचा पट्टा केळीच्या सालीसारखा निघाला. खाली दुसरा टायर. जुना, गुळगुळीत, भेगाळलेला. सुताच्या चार थरांपैकी तीन कुजून तुटलेले. उरलेला एक त्यानं नखानं उचकटला.

“जुन्या टायरवर नवं रबर चढोलं जी,” उकंडा म्हणाला. “चांगल्या आंगावर चढोलं तं चालते वर्सभर. पण हा तं चढवाच्या आंधीच मेला होता. तुमी मोजले ते नऊ त्या नव्या चामड्याचे. आतल्याचं कोन मोजते?”

देवीलाल बाजूला बसला होता. ‘मी म्हणत होतो’ असं तो म्हणाला नाही. त्याच्या जागी मी असतो तर चार अंक तेवढंच छापलं असतं. त्यानं फक्त तो शेवटचा थर बोटात धरून पाहिला आणि उकंडाला म्हणाला, “एकच होता.” उकंडा म्हणाला, “एकच.” तीन वर्षं दर रविवारी हा माणूस इथं कशासाठी बसत होता, ते मला भर बाजारात, टळटळीत उन्हात कळलं.

घरी येताना त्या पिवळ्या मुखपृष्ठाच्या विशेषांकाची आठवण झाली. साठ प्रती उरल्या होत्या. बंबात घातल्या.

१२ मे

‘बिब्बा’त पहिल्या पानावर छापलं : ‘वैद्यराजांची नाडीपरीक्षा बरोबर होती. संपादकांची तपासणी चालू आहे.’ देवीलालनं प्रभावतीकडून वाचून घेतलं. म्हणाला, “पयलं जास्त मस्त होतं.”

त्याचं मत साहित्यातही बरोबर असतं, हे आता मान्य करावं लागेल.

योगायोग पाहा : प्रभावतीच्या भावानं नागपुराहून आज नवा टायर पाठवला. मी तर त्याला कधी लिहिलं नव्हतं. मसाला मात्र विसरला.

३० जून

पहाटे जयाला मुलगी झाली. दोघी सुखरूप.

देवीलाल पाहायला आला. बाळाच्या तळपायावरून त्यानं तळहात फिरवला, बराच वेळ. प्रभावतीनं विचारलं, “काय म्हनते?” म्हणाला, “खरं बोलून राह्यली.”

१४ जुलै

उकंडानं त्या टायरच्या चपला करून दिल्या, वरचं नवं रबर तेवढं वापरून. मजबूत आहेत. आत कोणता थर घातलास, असे मी दहा प्रश्न विचारले. म्हणाला, “देवीलालनं पास केल्या, बाबारावजी. घाला.”

८ सप्टेंबर

जया आणि बाळ गुरुवारी वणीला जाणार. पाऊस उघडला आहे. रस्ता बरा आहे म्हणतात. मी स्वतः चारही टायरांवर तळहात ठेवून पाच मोजले. मला सगळे सारखेच लागले. पुढच्या उजव्यापाशी देवीलाल आज जरा जास्त वेळ बसला होता आणि प्रभावती रांगोळीचा डबा घेऊन त्याच्याशी हळू आवाजात बोलत होती. मी जवळ गेलो तर दोघं पावसाबद्दल बोलू लागले.

संध्याकाळी पाहतो तो गाडीची चावी नाही. खुंटी रिकामी. बेसनाचा डबा पाहिला, त्यात नाही. प्रभावती म्हणाली, “माह्या काई ध्यानात राहत नाई आजकाल.” देवीलालला विचारलं, तर तो मिशीतल्या मिशीत म्हणाला, “सापडन मालक. नवा टायर आला का सापडन.”

टायरचा आणि चावीचा काय संबंध, ते मला समजलं नाही. बंजाऱ्यांचं काही जुनं शास्त्र असावं. पण हा माणूस बोलला की मी आता लेड काढत नाही. दिवा लावला आणि जयाच्या सासऱ्यांना पत्र लिहिलं : पोरींना यायला महिनाभर उशीर होईल, गाडीची चावी हरवली आहे. दुसरं पत्र नागपूरला, टायरचा नंबर लावायला.

पत्र टाकायला निघालो तर प्रभावती म्हणाली, “नागपूरचं कायले टाकता? भावाले मी परवाच लिवलं.”

मसाल्यासाठी असेल.